नाटकातला कानडी व्याही कोणी करायचा?

टिळकवाडीकर
आमची हौशी मंडळी दोन अंकी विनोदी नाटक बसवतायत. बेळगावातलं मराठी घर, बैलहोंगलकडचं कानडी घर, पोरांनी परस्पर ठरवलेलं लग्न आणि मग दोन्हीकडच्या थोरांची सोयरिकीची बैठक. येत्या रविवारी ऑडिशन आहे. जाहिरातीत एक ओळ आहे : 'कानडी हेल काढून मराठी बोलता येणाऱ्यांना प्राधान्य.' माझा विरोध या ओळीला आहे. शहरात एवढे कानडी नट असताना त्यांना साधं बोलावणंही का नाही?

हेल काढला की पहिल्या प्रवेशात हशा मिळतो, खरंय. पण दुसऱ्या अंकात हाच व्याही होणाऱ्या सुनेला बाजूला घेऊन विचारतो, "आमच्या घरात तू एकटी पडशील, ठाऊक आहे ना?" तिथे नुसता हेल काय कामाचा? लोकांनी हसायचंच तर मानपानावरून अडून बसण्याच्या त्याच्या हट्टाला हसावं, त्याच्या मराठीला नव्हे. आपल्या रंगभूमीचा इतिहास तरी आठवा. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे 'सीता स्वयंवर'कडे वळले ते उत्तर कानडातल्या भागवत मंडळींचे पौराणिक खेळ बघून. आणि अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

गणपत गल्ली
ताई, इतिहास मान्य. पण रोज रात्री दोन तास तालमीला बसणारा माणूस कुठनं आणायचा ते सांगा की! आमच्याकडं दिवसभर दुकान सांभाळून येणारी पोरं आहेत. त्यांना बाजूला सारून बाहेरचा आणायचा, तोही जन्माची भाषा बघून? नट म्हणजे दुसऱ्याचा जन्म घेणारा. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा कुणी आक्षेप घेतला नाही.

आणि स्पष्टच सांगतो. मराठी शाळांचे वर्ग रोडावूलालेत, पाटीवर मराठी दिसावी म्हणून भांडायला लागतंय. मराठी पोरांना हक्कानं उभं राहायला हा एक रंगमंच आहे, तो तरी त्यांचा राहू दे. कानडी माणसाशी वैर नाही, कानडी नाटक कंपन्यांचे तंबू यल्लम्माच्या जत्रेला लागतात तिथं आम्ही तिकीट काढून जातो.

निपाणीची लेक, गोकाकची सून
दादा, तुमची काळजी समजते. पण बाहेरचा कोण आणि घरचा कोण? माझ्या सासूबाई माझ्याशी मराठी बोलतात आणि चिडल्या की कानडीवर जातात. माझा मुलगा आजोबांशी कानडी, मामाशी मराठी. तो ऑडिशनला आला तर त्याला कुठल्या रांगेत उभा करणार?

मला संहितेचंच म्हणणं आहे. अडखळणारी माणसं सगळी कानडीच का? बैठकीत एण्णेगाई म्हणजे भरल्या वांग्याचं आणि भाकरीचं ताट पुढे आलं की आपला मराठी मामा उत्साहाच्या भरात व्याह्याला 'नीवु' म्हणायच्या ऐवजी 'नीनु' म्हणून एकेरीवर येऊ दे. हातातला घास हातात ठेवून सगळी पंगत त्याच्याकडे बघते, आणि मामा मात्र खुशाल वांग्याचं कौतुक करत बसलाय! दोन्हीकडचे प्रेक्षक पोट धरून हसतील. मात्र तो प्रवेश वठायला समोरचा व्याही कानडी जाणणाराच हवा. घोकून पाठ केलेल्याला त्या शब्दाचा चटका बसणार नाही.

विंगेतला
मी बरीच वर्षं हौशी नाटकं बसवतोय. हेल आठवडाभरात शिकवता येतो, ऐकणं शिकवता येत नाही. विनोदी नटाचं निम्मं काम समोरच्याचं वाक्य कानावर पडताना चेहऱ्यावर होतं. म्हणून बैठकीचा प्रवेश जोडीनं वाचायला द्या, मग भूमिकांची अदलाबदल करून पुन्हा वाचायला लावा. कोण नुसता आपल्या वाक्याची वाट बघतोय, ते लगेच कळतं. आपल्या भागातल्या 'श्रीकृष्ण पारिजात' या कानडी लोकनाट्यात सूत्रधार भागवत आणि दूती यांची जुंपते, ती बघा. सगळी गंमत एकानं दुसऱ्याला शब्दात पकडण्यात आहे.

गणपत गल्ली
अदलाबदलीचं पटलं. जाहिरातीतली ती ओळ काढायलाही माझी हरकत नाही. पण तालमीला दांडी मारणारा कुठल्याही भाषेचा असो, बदलायचा. आणि मामा चुकतो तसा व्याहीही चुकला पाहिजे. एकाच बाजूची फजिती करायची नाही.

टिळकवाडीकर
दोन्ही अटी मान्य. माझी एकच मागणी उरते. निवड करणाऱ्यांत एक जण कानडी रंगभूमीवर काम केलेला हवा, आणि जाहिरात कानडीतही लागायला हवी. तसं झालं नाही तर वेशभूषेची जबाबदारी मी घेणार नाही.

गणपत गल्ली
कानडीत जाहिरात लावा, खर्च मी देतो. पण मराठी नाटकाची निवड मराठी माणसंच करणार. तिथं मी हटणार नाही.