ब्रेक वर, ॲक्सिलेटर खोल... हील-टो साठी पेडल कसं सेट करावं?

संत्रावाला_अचलपूर:
भाऊ लोकं एक विचारायचं होतं. माह्याजवळ जुनी पेट्रोल हॅचबॅक हाय, ॲक्सिलेटर केबलवाला. बहिणीचं सासर चिखलदऱ्याकडे, म्हणून घाट नेहमीचाच. उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकलं का गाडी असा झटका मारते का मागं मायच्या मांडीवरचा डबा सांडते, मंग परतवाडा येईपर्यंत बोलणे खा. म्हणून हील-टो शिकून रायलो, चवडा ब्रेकवर आन त्याच पायाच्या कडेनं ॲक्सिलेटर टोचायचा, क्लच सोडायच्या आत आरपीएम (इंजिनचे फेरे) वर. पण ब्रेक इतका वर आन ॲक्सिलेटर इतका खोल का पाय पोचतच नाई, दोघाईच्या उंचीत काडीपेटी उभी मावते. मिस्त्री म्हणते ब्रेकचा पुशरॉड (पेडलमागचा दांडा) फिरवून पेडल खाली घेऊन देतो, पाचशे रुपये. करू का?

घाटवाला_धारणी:
काडीपेटी लावली तेव्हा इंजिन चालू होतं का बंद? बंद गाडीत मोजून काई अर्थ नाई. इंजिन चालू कर, घाटात जेवढ्या जोरानं दाबतो तेवढा ब्रेक दाब आन मंग बघ किती फरक उरते ते. हील-टो ब्रेक दाबलेला असतानाच होते, तेव्हा पेडल आपोआप खाली आलेलं असते.

वरुडकर७७:
ब्रेकले हात लावू नको रे बाबा, मी भोगलं हाय. माह्या मिस्त्रीनं असाच पुशरॉड आखूड केला. पेडल खाली आलं, पण वर जे ब्रेक लाईटचं स्विच असते ना, त्याच्यापासून पेडल दूर गेलं, म्हणजे लाईट कायमचे चालू. मले पत्ता नाई, सकाळी बॅटरी झोपलेली. मंग त्यानं स्विच खाली घेतलं, ते इतकं घेतलं का पेडल थोडं दबूनच रायलं, फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) खतम. मोर्शीपर्यंत गेलो तं समोरच्या चाकाईचा जळका वास, रिमले हात लाववत नव्हता. आन पेडल खाली घेतलं का त्याच्या खालची जागाबी कमी होते, पॅड झिजले किंवा लाईनीत हवा घुसली तं तेच अंतर कामी येते.

संत्रावाला_अचलपूर:
हाव, मग ब्रेक राहू देतो. आता इंजिन चालू ठेवून पायलं, जोरात दाबला तं फरक फक्त दोन बोटं उरते! तरी पाय वाकडा करावा लागतेच.

फाउंड्री_कामगार:
दोन बोटं म्हणजे ॲक्सिलेटरवर प्लेट टाकून जमते. मी तीन एमएमची ॲल्युमिनियम पट्टी पेडलच्या मापाची कापली, ब्रेककडची बाजू अर्धा इंच बाहेर ठेवली, खाली दोन बुश (नळीचे तुकडे) देऊन उचलली आन नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेल्या) नटानं आवळली. साधे नट लावू नको, थरथरीनं ढिले होतात. पूर्ण वर आणू नको बरं, दाबलेल्या ब्रेकच्या थोडी खालीच राहू दे, नाई तं कुत्रं आडवं आलं आन घाबरून ब्रेक हाणला का त्याच पायाखाली ॲक्सिलेटरबी दबन. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हातानं पूर्ण खाली दाब आन सोड, टपकन वर आला पायजे. मॅट तं काढूनच टाक. माह्या प्लेटची कड एकदा मॅटमंधी अडकली होती, गाडी धावतच सुटली. क्लच दाबला, ब्रेक एकदाच दाबून धरला, चाबी एक घर मागं घेतली. पूर्ण मागं घेतली असती तं गाडी थांबायच्या आतच स्टिअरिंग लॉक होऊ शकलं असतं.

घाटवाला_धारणी:
आन चप्पल घालून करून नको रायजो भाऊ. स्लीपरची टाच मागं लोंबते, तिलाच पेडल अडकते. पातळ तळाचा बूट घाल. टाचच पायजे असं बी नाई, बहुतेक जण पायाची उजवी कडच लोळवतात.

एसटीवाल्याचं_पोरगं:
बाबा जुन्या एसटीवर होते, सिंक्रो (गिअरचे वेग आपोआप जुळवणारा भाग) नसलेला गिअरबॉक्स, डबल क्लच (दोनदा क्लच दाबल्या) शिवाय गिअरच पडे नाई. ते म्हणत घाट ज्या गिअरमंधी चढतो त्याच गिअरमंधी उतर. तू माथ्यावरच दुसरा टाक ना बे, डबा सांडतच नाई. बाकी नवीन गाड्याईत ॲक्सिलेटर केबलवर नाई, इलेक्ट्रॉनिक सिग्नलवर चालते, कितीकात ब्रेकसंग दाबला का कॉम्प्युटर पॉवरच कापते, तिथं प्लेट लावून काई फायदा नाई.

संत्रावाला_अचलपूर:
बाबाईचं बरोबर हाय, पण शौक हाय भाऊ. काल प्लेट लावली, मार्केट यार्ड बंद होतं तिथं फेऱ्या मारल्या. आरपीएम उठते, पण टोचताना ब्रेकवरचा जोरबी वाढते, गाडी नाक घासते. दुसरं, प्लेटची डावी कड बुटाले लागते. घासू का?

फाउंड्री_कामगार:
घास, पण धार ठेवू नको, कानशीनं गोल कर. जोराचं म्हणशीन तं आधी गाडी उभी ठेवून कर, ब्रेक दाबून धर आन नुसता घोटा फिरव. रोज वीस वेळा.