२० टनी हँड पंप प्रेस, दाब चढतो पण टिकत नाही, सील दोनदा बदलून झाले

जुनी_प्रेस:
माझ्याकडे जुनी एच फ्रेमची २० टनी प्रेस आहे, हँड पंप बाजूला, मधे होज आणि वर सिंगल ॲक्टिंग सिलिंडर (ऑईलचा दाब एकाच बाजूने लागतो), रॅम म्हणजे दाबणारा दांडा स्प्रिंगने वर येतो. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) मोजला तर ६० मिमी आहे. प्लेट वगैरे काही राहिली नाही त्यामुळे कंपनी कोणती ते कळत नाही. प्रॉब्लेम असा की दाब ३०० बारपर्यंत व्यवस्थित चढतो, हँडल सोडलं की गेजचा काटा लगेच उतरायला लागतो आणि मिनिटभरात शून्य. बेअरिंग दाबायला चालतं कसंतरी, पण शाफ्ट सरळ करताना दाब धरून ठेवावा लागतो तिथे काहीच उपयोग नाही. आणि अजून एक, साधारण १० टनाच्या वर हँडल मऊ पडतं, कितीही मारा काटा पुढे जात नाही.

सिलिंडरचे सील मी दोनदा बदललेत, दुसऱ्यांदा तर नवीन यू सील, बॅकअप रिंग, वायपर सगळंच. काहीही फरक नाही. रॅमवरून ऑईल गळत नाही, होज पण कोरडा आहे. आधी गेज नव्हता, तो ६०० बारचा मीच बसवला, त्यानंतरच हे सुरू झालं असं वाटतंय पण खात्री नाही. आता तिसऱ्यांदा सील आणायचे का सिलिंडर होन करायला (आतून घासून गुळगुळीत करायला) द्यायचा? कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

पंपवाला:
भाऊ, सील आणू नका, आधी ऑईल जातंय कुठे ते शोधा. तुमचा रॅम कोरडा, होज कोरडा. सिंगल ॲक्टिंगमधे पिस्टनचं सील गेलं तर ऑईल खालच्या स्प्रिंगच्या बाजूला उतरतं आणि कधी ना कधी रॅमवरून बाहेर दिसतंच. बाहेर थेंब नाही आणि दाब उतरतोय म्हणजे ते परत टाकीत चाललंय, आणि टाकीत जायचा रस्ता पंपातूनच आहे. सिलिंडर होन करून त्यात काही होणार नाही.

खात्री करायची असेल तर प्रेशर पूर्ण सोडून होज काढा, पंपाच्या तोंडाला गेज राहू द्या आणि पुढे त्याच प्रेशरचा ब्लँक प्लग लावा. मग हँडल अगदी हळू मारा, सिलिंडर नसल्यामुळे अर्ध्या स्ट्रोकमधेच काटा उडी मारतो. २०० बारला थांबा आणि बघत बसा. काटा इथेही उतरला तर पंप, नाही उतरला तर मी चुकलो आणि सिलिंडर उघडा.

पंपात संशयित तीनच आहेत, डिलिव्हरीचा छर्रा (सिलिंडरकडे गेलेलं ऑईल मागे येऊ न देणारी स्टीलची गोळी), रिलीज व्हॉल्व्ह (नॉबने उघडून दाब सोडायचा तो) आणि रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की आपोआप उघडणारा). दाब असताना हँडल खाली सोडून द्या, ते आपोआप वर उचललं जातंय का बघा. जात असेल तर डिलिव्हरीचा छर्रा बसत नाहीये, दाब उलटा येऊन पंपाच्या दट्ट्याला ढकलतोय. हँडल हलत नसेल आणि तरी काटा उतरत असेल तर बहुतेक रिलीज व्हॉल्व्ह. रिलीज बंद करताना नॉबला पाइप घालून आवळता का तुम्ही?

जुनी_प्रेस:
हो, दाब टिकत नाही म्हणून गेले काही दिवस पाइप घालूनच आवळतोय. हँडल आत्ता बघितलं, जागचं हलत नाही.

पंपवाला:
मग रिलीजच उघडा. पाइपने आवळून सीटवर (छर्रा टेकतो त्या जागेवर) खाच पडलेली असणार, पण ती नंतर पडली, मुळात तिथे काहीतरी अडकलं म्हणून तुम्हाला आवळावं लागलं. गेज बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप किती लावली होती? सगळ्या आट्यांवर लावली असेल तर टोकाचा धागा सुटून आत जातो, आणि रॅम वर येताना सिलिंडरचं सगळं ऑईल रिलीजमधूनच परत जातं, तो धागा बरोबर तिथेच जाऊन बसतो. टेप लावायचीच तर पुढचे दोन आटे मोकळे सोडा, आणि आटे पॅरलल (निमुळते नसलेले, सरळ) असतील तर टेप नकोच, बाँडेड वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) लावा.

खराद्या:
वरचं सगळं बरोबर आहे, सीटचं मी सांगतो कारण हे काम हातातलं आहे. रिलीज उघडल्यावर छर्रा निघेल, त्यावर बारीक रिंग उमटलेली दिसली तर तो परत घालू नका. बेअरिंगचा त्याच मापाचा नवीन स्टीलचा छर्रा घ्या, माप मायक्रोमीटरने घ्या कारण जुन्या पंपात कधी इंची असतो कधी मिमी, ६.३५ आणि ६ डोळ्यांना सारखेच दिसतात. सीट स्वच्छ करून जुना छर्रा ठेवायचा, त्यावर पितळी गोल दांडी सरळ उभी धरायची आणि हातोडीचा एकच बेताचा ठोका. सीटवर चमकदार बारीक गोल रेघ आली की झालं, तो छर्रा टाकून द्या आणि नवीन घाला. बॉडी बिडाची असेल तर ठोका अजून हलका, बीड तुकडा टाकतं. सीट खोल खाल्लेली असेल तर ठोकून भागणार नाही, ती नवीन कापून घ्यावी लागेल. आणि पुसायला कापसाचं वेस्ट वापरू नका, त्याचे तंतू टेपइतकेच त्रास देतात.

दाबाचा_हिशोब:
मला तुमच्या गेजची काळजी वाटतेय. ६० मिमी बोअरचं क्षेत्रफळ २८.३ चौ. सेमी, म्हणजे २० टनाला साधारण ७०० बार लागणार. तुमचा गेज ६०० चा आहे! ३०० बारला तुम्ही जेमतेम साडेआठ टनावर असता. १००० बारचा गेज लावा, आणि होज पण ७०० बार वर्किंग प्रेशरचा आहे का ते त्याच्यावर छापलेलं असतं ते वाचा. १० टनाच्या वर हँडल मऊ पडतंय ते रिलीफ लवकर उघडतोय म्हणूनही असेल किंवा सक्शनचा (टाकीतून ऑईल ओढायच्या बाजूचा) छर्रा कचरा धरतोय म्हणूनही, पण नवीन गेज येईपर्यंत रिलीफचा स्क्रू फिरवू नका, आणि स्प्रिंगखाली वॉशर घालून टन वाढवायचं तर मनातही आणू नका, ती प्रेस माणूस मारेल. गळती शोधताना बोट फिरवायचं नाही, पुठ्ठा धरायचा. या दाबाला सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं ऑईल कातडीच्या आत जातं, जखम मुंगी चावल्यासारखी दिसते आणि बोट कापायची वेळ येते.

ऑईल टाकीत भरताना रॅम पूर्ण वर असू द्या. १५० मिमी बाहेर असताना काठोकाठ भरलं तर तो परत वर जाताना ४२० मिली तरी जास्तीचं येतं. हायड्रॉलिक ३२ ग्रेड घाला, ब्रेक ऑईल अजिबात नाही, त्याने नायट्राइल रबराचे सील फुगतात.

जुनी_प्रेस:
झालं! प्लग लावून बघितलं तर काटा तसाच उतरला, म्हणजे पंपच. रिलीज उघडला तर छर्र्याला चिकटून पांढऱ्या टेपचा नखाएवढा धागा, टाकीच्या तळाला अजून चार तुकडे. सीटवर एका बाजूला खाच होती, खराद्या भाऊंनी सांगितलं तसं एक ठोका मारून नवीन छर्रा घातला, टाकी धुतली, सक्शनची जाळी पण साफ केली. ऑईल भरून रिलीज उघडा ठेवून वीसेक स्ट्रोक मारून हवा काढली. आता नॉब नुसत्या हाताने बंद करतो, ३०० बारला लावून जेवायला गेलो, अर्ध्या तासाने काटा २९० ला होता. चांगले दोन सेटचे सील उगाच काढले याचं वाईट वाटतंय पण प्रेस परत मिळाली.

मऊ हँडलचं अजून आहेच, थोडं कमी झालंय, ११ टनाच्या आसपास थांबतं. १००० चा गेज मागवलाय, तो येईपर्यंत ३०० बारच्या वर काम बंद.