शब्दचर्चा: ‘कस्टम मॉडेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: कोड एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या साधनात, एआयचं ‘कस्टम मॉडेल’ जोडायची सोय असते. त्याची मराठी मार्गदर्शिका लिहितेय. ‘सानुकूल प्रारूप स्थापित करा’ चालेल का?

– ‘प्रारूप’ नकोच. प्रारूप मतदार यादी, प्रारूप विकास आराखडा, म्हणजे मसुदा. मॉडेल शब्द रुळलाय, तोच ठेवा.

‘सानुकूल’ला माझा खरा विरोध आहे. त्यातून वाटतं की मॉडेल आपल्या गरजेप्रमाणे घडवून घेतलंय. समजा, ओलामावर (आपल्या संगणकावर मॉडेल चालवणारं साधन) क्वेन हे तयार मॉडेल जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि एडिटरला जोडलं. त्यात आपण काडीचाही बदल केलेला नाही, तरी एडिटरच्या लेखी ते कस्टमच, कारण त्याच्या तयार यादीत ते नाही. फाइन-ट्यून केलेलं, म्हणजे आपल्या माहितीवर पुढे शिकवलेलं मॉडेलही असंच जोडता येतं, पण तो शब्द त्याच्यापुरता नाही. म्हणून ‘यादीबाहेरचं मॉडेल’.

– ‘आपलं मॉडेल’ जास्त सुटसुटीत नाही का?

– बोलताना ठीक. लिहिताना ‘आपण बनवलेलं’ असा अर्थ निघतो, पुन्हा तीच अडचण. आणि ‘स्थापित करा’ऐवजी ‘जोडा’. मॉडेल एडिटरच्या आत येतच नाही. ते आपल्या संगणकावर किंवा दूरच्या सर्व्हरवर चालतं. नळजोडणी, वीजजोडणी आपण म्हणतोच.

– ‘एपीआय की’साठी (सेवा वापरायला लागणाऱ्या गुप्त संकेतासाठी) ‘कळ’ वापरू नका, कळ कीबोर्डवरची. इथे ‘किल्ली’ बरोबर. मात्र एक टीप जरूर द्या: स्वतःच्या संगणकावरचं ओलामा किल्ली तपासत नाही, पण बऱ्याच साधनांत तो रकाना रिकामा चालत नाही. कोणताही शब्द लिहिला तरी काम होतं. हे सांगितलं नाही, तर माणूस नसलेली किल्ली शोधत बसेल.

– मॉडेल जिथे चालतं तो पत्ता, म्हणजे ‘बेस यूआरएल’, त्याला ‘मूळ पत्ता’ म्हणावं का?

– मूळ पत्ता म्हटलं की गावाकडचा आठवतो. ‘सर्व्हरचा पत्ता’ लिहा आणि खाली ओलामाचा नमुना द्या: लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच संगणक), पोर्ट ११४३४, शेवटी तिरकी रेघ आणि व्ही१. ओपनएआयच्या पद्धतीने बोलणारी साधनं तिथेच विचारणा करतात. व्ही१ राहिलं, तर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ असा संदेश येतो आणि लोक मॉडेललाच दोष देतात.

– म्हणजे: ‘यादीबाहेरचं मॉडेल जोडा. सर्व्हरचा पत्ता, किल्ली आणि मॉडेलचं नाव भरा.’

– उत्तम. फक्त नावाला हात लावू नका. कोलन आणि त्यापुढचा टॅग (मॉडेलचा प्रकार सांगणारा भाग) धरून ते अक्षरशः जुळावं लागतं.