मदत हवी आहे: डोळा परत लाल झालाय आणि डॉक्टर कंबरेचं विचारतायत

अनु_ठाणे: भावाचा डोळा परत लाल झालाय. थेंब चालू आहेत, तरी उजेड सहन होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मधेच "कंबर दुखते का?" विचारलं आणि रक्ताची कसलीतरी तपासणी लिहून दिली. डोळ्याचा नि कंबरेचा काय संबंध? करावी का तपासणी, की दुसरा डॉक्टर गाठू? प्लीज लवकर सांगा.

निरभ्र: थेंब कुठले? दर वेळी तोच डोळा की आलटून पालटून? वय? तपासणीचं नाव? डोळ्याला चिकटा येतो का? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग लवकर सांगणार काय?

मनमौजी: मोबाइल कमी करायला सांगा. रात्री त्रिफळा भिजवून सकाळी त्या पाण्याने डोळे धुवायचे. खात्रीचा उपाय.

स्लिटलॅम्प: @मनमौजी, ते पाणी निर्जंतुक नसतं, सुजलेल्या डोळ्यात नको. मोबाइलने डोळे कोरडे पडतात, तेही सहसा दोन्ही. एकच डोळा ठणकतो आणि उजेड नको होतो, ते प्रकरण वेगळं.

अनु_ठाणे: वय २९. मागे डावा होता, आता उजवा. चिकटा नाही. चिठ्ठीवर युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) लिहिलंय, तपासणी एचएलए-बी२७. थेंब प्रेडनिसोलोन. होमाट्रोपिन पण होतं, त्याने धूसर दिसतं म्हणून भावाने ते बंद केलं. कंबर दुखते, पण बसून काम असतं ना.

स्लिटलॅम्प: होमाट्रोपिन बंद केलं हे पहिल्या ओळीत हवं होतं! ते बाहुली मोठी ठेवतं. सुजलेली आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) मागच्या भिंगाला चिकटू नये म्हणून देतात. चिकटली की बाहुली वेडीवाकडी होते, आणि सगळीकडून चिकटली तर डोळ्याचा दाब चढतो. धूसर दिसणारच, तोवर गाडी चालवू नये. आजच डॉक्टरांना फोन करून बंद केल्याचं सांगा.

प्रेडनिसोलोन ॲसिटेट या स्टेरॉइडच्या थेंबांत औषध तळाशी बसतं. बाटली नीट हलवली नाही तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. दोन औषधांत पाच मिनिटं सोडा. सुरुवातीला बहुधा जागेपणी तासाला एक थेंब, मग काही आठवड्यांत उतरवत न्यायचं. लाली गेली म्हणून एकदम थांबवलं की सूज उलटते. स्टेरॉइडनेही दाब वाढतो, म्हणून प्रत्येक भेटीत तो मोजून घ्या. आणि उरलेली बाटली पुढच्या खेपेला आपल्या मनाने उघडू नका. तेव्हा हर्पीस विषाणूचा व्रण असला तर स्टेरॉइडने तो पसरतो.

सांधेवाला: आता कंबर. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस म्हणजे कण्याचा सुजेचा संधिवात. त्याच्या साधारण चारात-तिनात एका रुग्णाला कधी ना कधी असा युव्हायटिस होतो: अचानक, एका वेळी एकच डोळा, पुढच्या खेपेला कदाचित दुसरा. दोन्हींच्या मुळाशी बहुतेकदा एचएलए-बी२७ हे जन्मजात जनुक असतं. हे १९७३ पासून माहीत आहे, तुमच्या डॉक्टरांनी योग्यच विचारलं. भावाला विचारा: दुखणं तीन महिन्यांहून जुनं आहे का? उत्तररात्री जाग येते का? सकाळी अर्धा तास तरी आखडलेलं असतं का? हालचालीने बरं वाटतं आणि पडून राहिल्याने नाही, असं आहे का?

कोकणी_मेवा: एवढं कशाला? आरए फॅक्टर आणि सीआरपी या संधिवाताच्या नि सुजेच्या रक्ततपासण्या करा. दोन्ही नॉर्मल म्हणजे संधिवात नाही. विषय संपला.

सांधेवाला: अजिबात नाही. या आजारात आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो आणि सीआरपी पुष्कळदा नॉर्मल येतो. साधा एक्स-रेही काही वर्षं स्वच्छ दिसू शकतो. शंका असेल तर सॅक्रोइलियाक सांध्यांचा (कणा जिथे कटीच्या हाडांना जुळतो ते) एमआरआय, स्टर सिक्वेन्ससह (त्यात सूज उठून दिसते). नुसता 'कंबरेचा एमआरआय' काढलात तर हे सांधे नीट येतच नाहीत. कॉन्ट्रास्टचं (शिरेतून द्यायच्या द्रव्याचं) इंजेक्शन सहसा लागत नाही.

निरभ्र: आणि बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका. पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आपल्याकडे खरं तर टीबी आणि सिफिलिस आधी बघायला हवेत.

स्लिटलॅम्प: आधी-नंतर कशाला, एकाच वेळी होतं ते. छातीचा एक्स-रे, टीबीसाठी माँटू (त्वचेची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी, सिफिलिसची रक्ततपासणी.

गप्पिष्ट: कंबरेसाठी कडक गादी घ्या. कॉयर की कापूस, यावर कुणी सांगेल का? मलाही घ्यायची आहे.

अनु_ठाणे: पहाटे तीन-चारला दुखून उठतो, फेऱ्या मारल्या की बरं वाटतं म्हणतोय. कोपरावर सोरायसिस आहे, त्याचं औषध चालू आहे. ते इथे लागतं का?

सांधेवाला: लागतं! सोरायसिस याच आजारांच्या कुटुंबातला. आतड्यांची सूजही त्यातलीच, म्हणून वारंवार जुलाब किंवा शौचातून रक्त जातं का, तेही विचारा. हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या न मारता थेट ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) गाठा, डोळ्याचे कागद घेऊन. पुढे सूज दाबणाऱ्या इंजेक्शनची वेळ आली तर डोळ्याचं आवर्जून सांगा. त्यातल्या इटानरसेप्टने कंबर सुधारते, पण युव्हायटिसचे झटके थांबतील याचा भरवसा नाही. सेक्युकिनुमॅब त्वचेला आणि कण्याला चांगलं, डोळ्याला तितकं नाही. झटके वारंवार येत असतील तर अडालिमुमॅबकडे कल असतो, आणि त्याआधी टीबी व हिपॅटायटिस बी तपासावेच लागतात.