इंटरनेट फोनवरून आपत्कालीन कॉल झाल्यास नेमकी जागा कशी कळावी?

प्रश्न: आमच्या तिन्ही इमारतींतील फोन एकाच आयपी-पीबीएक्सवर (संगणक नेटवर्कवरून कॉल जोडणाऱ्या कार्यालयीन टेलिफोन एक्स्चेंजवर) आहेत. आपत्कालीन कॉल केल्यास नियंत्रण कक्षाला मुख्य इमारतीचाच पत्ता दिसतो. कर्मचारी फोन उचलून दुसरीकडे नेतात, त्याचे काय करावे?

उत्तर १: जागेची नोंद फोनऐवजी नेटवर्क स्विचच्या पोर्टवर, म्हणजे फोनची केबल जिथे जोडली जाते त्या खाचेवर करावी. कोणता पोर्ट कोणत्या खोलीतील सॉकेटला जातो याचा तक्ता अचूक असेल, तर एलएलडीपी-मेडद्वारे (स्विच व फोन यांनी एकमेकांना माहिती देण्याच्या प्रमाणित पद्धतीने) स्विचच फोनला त्याची जागा कळवतो. मात्र पॅच पॅनेलवर (सगळ्या खोल्यांच्या केबली जिथे एकत्र येतात त्या फळीवर) कोणी केबलींची अदलाबदल केली आणि तक्ता तसाच राहिला, की चौथ्या मजल्यावरचा माणूस पहिल्या मजल्यावर दिसू लागतो; खरी डोकेदुखी हीच आहे.

उत्तर २: लॅपटॉपवरील सॉफ्टफोनसाठी (फोनचे काम करणाऱ्या अ‍ॅपसाठी) वाय-फायच्या बीएसएसआयडीवरून, म्हणजे प्रत्येक वाय-फाय केंद्राच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावरून मजला ओळखता येतो. केवळ आयपी पत्त्यावर विसंबू नये, कारण व्हीपीएनमुळे (कार्यालयाच्या नेटवर्कशी दुरून जोडणाऱ्या सुरक्षित जोडणीमुळे) घरी बसलेली व्यक्तीही कार्यालयात असल्याचे भासते. तिला पत्ता स्वतःच भरायला लावावा.

उत्तर ३: अमेरिकेत १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या ‘कॅरीज लॉ’नुसार नव्याने बसवलेल्या यंत्रणेत ९११ हा आपत्कालीन क्रमांक आधी दुसरा आकडा न दाबता थेट लागणे आणि त्याच वेळी स्वागतकक्षासारख्या ठिकाणी सूचना जाणे अपेक्षित आहे. कायद्याचे बंधन नसले, तरी ही सूचना सुरू करावीच. तिच्यामुळे मदत पोहोचते तेव्हा दार उघडायला कोणीतरी खाली उभे असते.