बाराटांगची सहल करावी का? वाटेत जारवांचं जंगल आहे

ऋजुता:
सेल्युलर जेल पाहायला गेलेली आपली मराठी मंडळी एखाद्या पहाटे अंदमानातल्याच बाराटांग बेटावरही जातात. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. पण जिरकाटांगच्या नाक्यापुढे गाड्यांचा ताफा शिरतो तो थेट जारवांच्या, म्हणजे शिकार करून आणि कंद-मध गोळा करून जगणाऱ्या इथल्या आदिवासींच्या, राखीव जंगलात. सर्वोच्च न्यायालयाने राखीव भागातला हा रस्ता बंद करायला २००२ मध्येच सांगितलं होतं, तरी तो चालू आहे. ही सहल आपण सोडून द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

निखिल:
आणि याच रस्त्याने पुढे उत्तरेला असलेल्या रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या माणसांनी काय करायचं? फाळणीनंतर सरकारनेच तिथे बंगाली कुटुंबं वसवली. समुद्र खवळला की बोटी सुटत नाहीत, मग पेशंटला पोर्ट ब्लेअरला न्यायचं कसं? शिवाय ताफ्याच्या वेळा ठरलेल्या, सोबत पोलीस, थांबायला आणि फोटो काढायला बंदी.

ऋजुता:
ॲम्ब्युलन्स अडवा असं कोण म्हणतंय? मी टूरिस्ट गाड्यांबद्दल बोलतेय. २०१३ च्या सुरुवातीला न्यायालयाने पर्यटन थांबवलं होतं तेव्हा रहिवाशांना आणि मालगाड्यांना मुभा होतीच, म्हणजे दोन्ही वेगळं करता येतं. बंदीचं म्हणाल, तर बंदी असतानाच जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावलं गेलं. २०१२ मध्ये तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. लाज वाटते.

माधव:
मला दोघांचंही पटत नाही. त्यांना कायमचं जंगलात ठेवायचं हे ठरवणारे आपण कोण? १९९६ मध्ये एनमेई नावाच्या जारवा मुलाचा पाय मोडला, तो सरकारी दवाखान्यात बरा झाला. पुढच्या वर्षी जारवा आपणहून बाहेर येऊ लागले. जनगणनेत २००१ ला २४० होते, २०११ ला ३८०. औषध पोचलं, माणसं जगली. शाळाही पोचू दे.

अनघा:
माधवराव, औषधाला कुणाचाच विरोध नाही. पण बाहेर येऊ लागल्यावर दोन वर्षांत त्यांच्यात गोवराची साथ आली, तेही सांगा. आणि 'सुधारणे'चा प्रयोग अंदमानात आधीच झालाय. १८५८ नंतर इंग्रजांनी ग्रेट अंदमानी या दुसऱ्या आदिवासी लोकांसाठी राहायला 'होम' काढली, खाऊपिऊ घातलं. गोवर, सिफिलिस, दारू, तंबाखू. हजारोंनी असलेले लोक १९६१ च्या जनगणनेत १९ उरले.

जारवांना शिक्षण नाही, हेही मला मान्य नाही. मधाचं पोळं काढायला चढणारा जारवा एका झाडाचा पाला चघळतो आणि त्याचा रस मधमाश्यांवर फुंकतो, तशा त्या बाजूला होतात. रानडुकराच्या शिकारीला निघताना छातीला सालीचं जाड कवच बांधतो, त्यातच बाण खोचलेले असतात. कोणता कंद कधी खणायचा, ओहोटीला मासे कुठे अडकतात, हे पोरं आईबापांसोबत फिरत शिकतात. आपल्या शाळेत हे कोण शिकवणार?

माधव:
आणि उद्या एखाद्या जारवा पोराला स्वतःलाच बाहेर शिकायचं असेल तर?

अनघा:
तर त्याने जरूर शिकावं, त्याला अडवणारी मी कोण! पण ते त्याने त्याच्या लोकांत बसून ठरवावं. रोज गाड्यांच्या खिडक्यांतून बिस्किटं फेकली जात असतील, तर ते ठरवणं मोकळ्या मनाने होईल का?

निखिल:
पर्यटकांचे ताफे बंद करायला माझी हरकत नाही. पण बाराटांगच्या होडीवाल्यांचं पोट गुहांवरच चालतं. पोर्ट ब्लेअरहून थेट समुद्रमार्गे पर्यटक नेता आले, तर मीही तुमच्या बाजूने.