शब्दचर्चा: 'इन्स्टन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
सी शार्प ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातून खिडक्या (फॉर्म) बनवायचं विंडोज फॉर्म्स, यांची टिपणं मराठीत लिहितो आहे. 'एका फॉर्ममधून दुसऱ्या फॉर्मची मेथड (त्याचं एखादं काम करणारा कोड) कॉल करणे' या पाठात 'क्लास' म्हणजे फॉर्मचा आराखडा आणि 'इन्स्टन्स' म्हणजे त्यावरून प्रत्यक्ष तयार झालेला फॉर्म, हे वेगळे दाखवायचे आहेत. 'इन्स्टन्स'ला 'उदाहरण' इथे चालत नाही. 'प्रत' कसा वाटतो?

उत्तर
'प्रत' नको. प्रत म्हटलं की मूळात जे आहे ते सगळं उतरलं असं वाटतं. नवा फॉर्म तसा नसतो: त्याचे टेक्स्टबॉक्स डिझायनरमध्ये होते तसेच, व्हेरिएबल्स सुरुवातीच्या किमतीवर. क्लासला 'साचा' आणि इन्स्टन्सला 'नग' म्हणा. 'यादीफॉर्मचे दोन नग उघडे आहेत', 'या नगाची मेथड', सगळीकडे सहज चालतं.

या पाठातली नेहमीची चूक याच दोन शब्दांच्या मध्ये आहे. समजा यादीफॉर्म नोंदींची यादी एका ग्रिडमध्ये (तक्त्यात) दाखवतो, त्याची यादीभर ही मेथड ती यादी भरते, आणि त्यातून उघडणाऱ्या नोंदफॉर्ममध्ये नवी नोंद लिहितात. नोंदफॉर्मच्या सेव्ह बटणात लोक लिहितात:

यादीफॉर्म फ = न्यू यादीफॉर्म();
फ.यादीभर();

कंपायलर काही बोलत नाही. ब्रेकपॉइंट (कोड मधेच थांबवायची खूण) लागतो, क्वेरी डेटाबेसमधून ओळी आणते, पण समोरची ग्रिड तशीच. साच्यातून दुसरी मूर्ती काढून रंग तिला दिला, मखरातली कोरीच राहिली. खात्री करायची तर यादीभरमध्ये थांबून वॉच या डिबगरच्या खिडकीत 'धिस.व्हिजिबल' बघा, म्हणजे आत्ताचा नग पडद्यावर दिसतो आहे का ते. 'फॉल्स' आलं तर तुम्ही न दाखवलेल्या नगात आहात.

उपाय म्हणजे उघडा नग हातात देणे. यादीफॉर्ममध्ये 'न्यू नोंदफॉर्म(धिस)' लिहा आणि नोंदफॉर्मच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (नग तयार होताना चालणाऱ्या कोडमध्ये) तो प्रायव्हेट फील्डमध्ये, म्हणजे नगाच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये, ठेवा. त्या कन्स्ट्रक्टरमधला, डिझायनरमधली बटणं-टेक्स्टबॉक्स मांडणाऱ्या इनिशियलाइझ-कंपोनंटचा कॉल पुसू नका, नाहीतर फॉर्म कोरा उघडतो. दुसऱ्या फॉर्मला यादीभर कॉल करता यावी म्हणून तिच्या आधी पब्लिक किंवा इंटर्नल लिहायलाच हवं. काहीच लिहिलं नाही तर सी शार्प ती प्रायव्हेट, म्हणजे त्याच क्लासपुरती, धरतं.

दुसरं उत्तर
'नग' मान्य. पण व्हीबी डॉट नेट या दुसऱ्या भाषेवरून आलेल्या वाचकासाठी एक ओळ वाढवा. तिथे २००५ च्या आवृत्तीपासून नुसतं 'यादीफॉर्म.यादीभर()' चालतं, कारण साच्याच्याच नावाने एक आयता नग मिळतो. म्हणून त्यांना साचा आणि नग एकच वाटतात आणि सी शार्पमध्ये तीच ओळ का अडते ते कळत नाही. हा आयता नग प्रत्येक थ्रेडचा (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाचा) वेगळा असतो. बॅकग्राउंड थ्रेडमधून 'यादीफॉर्म' लिहिलं की गुपचूप नवा नग तयार होतो, म्हणजे व्हीबीतही वरचीच चूक.

तिसरं उत्तर
क्रियापदाकडेही बघा. 'कॉल करणे' तसंच ठेवा, 'पाचारण' कोणी बोलत नाही. इव्हेंटसाठी, म्हणजे 'अमुक घडलं' या सूचनेसाठी, मात्र 'कळवणे' वापरा. मेथड कॉल करताना नोंदफॉर्म यादीला 'भर' असं सांगतो, म्हणून त्याला यादीफॉर्म माहीत असावा लागतो. इव्हेंटमध्ये तो फक्त 'नोंद झाली' एवढं कळवतो, ऐकायचं काम यादीफॉर्मचं. यादीफॉर्मची ऐकणारी मेथड इव्हेंटला += ने जोडणं शो-डायलॉगच्या (नोंदफॉर्म उघडणाऱ्या कॉलच्या) आधी हवं. शो-डायलॉग फॉर्म मिटेपर्यंत परतत नाही, त्यामुळे नंतर जोडलेलं काही ऐकू येत नाही.

आणि बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. शो-डायलॉगने 'ओके' परत दिलं की यादीफॉर्मने स्वतःचीच यादीभर चालवावी. माझी पसंती यालाच. फक्त नोंदफॉर्म 'युजिंग'मध्ये ठेवा (काम संपताच ते नग डिस्पोज करतं), कारण शो-डायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केल्यावर नुसता लपतो, डिस्पोज होत नाही, म्हणजे त्याने धरलेली साधनं सुटत नाहीत.

प्रश्नकर्ता
'साचा' आणि 'नग' घेतले. अ‍ॅप्लिकेशन डॉट ओपनफॉर्म्सचं काय?

उत्तर
ती उघड्या नगांची यादी. शोध नेम प्रॉपर्टीवर होतो, खिडकीच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या टेक्स्टवर नाही. एकाच नावाचे दोन नग उघडे असतील तर पहिला मिळतो, एकही नसेल तर नल (काहीच नाही), म्हणून आधी तपासा. फील्डमध्ये ठेवलेला नगही आधी तपासावा लागतो: शोने (शो-डायलॉगसारखं न थांबता) उघडलेला यादीफॉर्म मधेच बंद केला तर फील्ड नल होत नाही, तो डिस्पोज झालेला नगच दाखवत राहतो. कॉल करण्याआधी 'इज-डिस्पोज्ड' बघा.